एदुविनाचं वर्ष

जाकीट एक, बहिणी दोघी.
विषम साली तिचं, सम साली माझं,
असं ठरल्याला एकोणीस हिवाळे झाले.
दोघींच्या पगारात मिळून तेवढंच बसत होतं:
कोकराचं कातडं, भाजलेल्या चेस्टनटचा रंग.
शिवणारा म्हातारा रोसेन्दो पैसे मोजता मोजता म्हणाला होता,
याला देवासारखं ठेवू नका, घोड्यासारखं ठेवा.
रोज थोडं चालवा.

मे महिन्यात बसच्या पोटातून
ते ओसोर्नोहून वाल्परायसोला येतं
किंवा इथून तिकडे जातं.
नियम एकच, देणारीनं साफ करून द्यायचं.

यावरून आमचं कधीच पटलं नाही.
ती म्हणते, मी कातडं उपाशी मारते.
मी म्हणते, तू ते तळून काढतेस.
आणि कितीही पुसलं तरी काहीतरी राहायचंच,
खिशाच्या शिवणीत तिच्या वखारीतला भुसा,
अस्तरात ओल्या लाकडांचा धूर,
एका साली डाव्या बाहीवर तारेचा लांब ओरखडा,
ज्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.
आम्ही पत्रं लिहीत नाही.
फोनवर हवापाण्याचं बोलतो.
बाकीचं मी ब्रशनं वाचते.

यंदा पुडकं सोडलं तर लखलखीत.
म्हटलं, शिकली बाई एकदाची, साठीला टेकल्यावर.
तरी हात राहवेनात.
रुंद लाकडी हँगर, खिडकीजवळ, पण उन्हात नाही.
मऊ ब्रश, खांद्यावरून खाली.
फडकं असं पिळलेलं की थेंबही लाजेल.
मग मलमाचं बोट. ते आधी लावून बघायचं
जिथे कुणी बघत नाही तिथे,
म्हणून कॉलर उलटली.

बुरशी.
चाळलेल्या पिठासारखी, पांढरी, निवांत.
काखेतही तीच.
खांद्यांवर हँगरच्या टोकांची दोन शिंगं.
कोपरावरच्या घड्या, ज्या मी डोळे मिटून ओळखते,
सपाट होऊन गेलेल्या.

खिशात हात घातला.
टेकडीच्या लिफ्टचं तिकीट.
माझं. गेल्या मेमधलं.
घाईत काढायचं राहिलेलं.

फोन मीच केला.
"मिळालं?"
"मिळालं."
"यंदा नीट पुसलंय ना?"
"हो, फार नीट."
तिकडे पाऊस आहे म्हणाली.
जोराचा?
"खिडकीतून तरी तसाच दिसतोय," म्हणाली,
आणि घाईघाईनं माझ्या मांजरीची चौकशी केली.

सज्जात नेऊन अर्धं पाणी अर्धं स्पिरिट,
कापसाचा बोळा, हलक्या हातानं,
एक बोळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा.
खालून इलारियो ओरडला, विकतेस की काय?
समुद्राचा वारा कातड्याला बरा नाही,
हे मला माहीत आहे,
तरी अर्धा तास तिथेच उभी राहिले.
बाह्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले.
हीटरपासून लांब, दोन रात्री.
तिसऱ्या दिवशी तेल लावलं,
तिच्या हिशोबानं, म्हणजे भसाभसा,
बोटांची नखं तपकिरी होईपर्यंत.

शिंगं मात्र बसली नाहीत.
वाफेनं नाही, चोळून नाही,
आत टॉवेल भरूनही नाही.
तिथे खांदेच लागतात.

साल सम आहे. माझं आहे.
माझ्या सालात मी वाटेल ते करीन.
बारा तासांची रात्रीची बस आहे,
पुडकं यंदा खाली टाकणार नाही,
मांडीवर घेऊन बसेन.
तिला फोन करणार नाही, नाहीतर दार लावून घेईल.
वखारीपर्यंत चालत जाऊ म्हणेन,
निदान कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत,
आणि पाऊस असलाच
तर भिजू दे थोडं.
पुसायला मी आहे.